करंगळी चहाच्या कपासाठी

"हेक्टरच्या हाताकडे बघत जा गं, रोना," जीनने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. "तोंडाकडे नको. तोंड त्याला सांभाळता येतं."

दोघी सिंकपाशी उभ्या होत्या. सासू धूत होती, सून पुसत होती, फ्लोरा पाळण्यात झोपली होती आणि पलीकडच्या खोलीत सासरा, हेक्टर, फिडलच्या गजाला राळ घासत कुणाच्या तरी पोरावर खेकसत होता. रोनाने हसून मान डोलावली आणि बशी फडताळात ठेवली. बालशिक्षणाची पदवी घेऊन आलेली मुलगी ती. फिडलवाल्यांच्या घरात माणसं असं काहीबाही बोलतात आणि आपण ते मनावर घ्यायचं नसतं, एवढं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. पुढच्या हिवाळ्यात जीन गेली आणि ते बोलणंही तिच्या बश्यांबरोबर फडताळातच राहिलं.

ते आठवलं या नोव्हेंबरात. तेही हेक्टरच्या नव्हे, फ्लोराच्या हाताकडे बघून. सात वर्षांची पोर सूप पीत बसली होती. उजव्या हातात चमचा, डावा हात टेबलावर. त्या डाव्या हाताची बाकीची बोटं सरळ आणि करंगळी तेवढी आत वळलेली, तळव्याला चिकटून, गोगलगाय शंखात शिरावी तशी.

"फ्लोरा, करंगळी सरळ कर बघू."

फ्लोराने केली. "का?"

"काही नाही. सूप पी."

दोन घोट झाले नाहीत तोच करंगळी पुन्हा आत.

रोनाला वाटलं, हा सासरच्या घराण्यातला रोग तर नव्हे? मॅकफेलांचं बोट! तळहातात कातडीखाली कुणी दोरी ओढून बांधावी तशी शीर ताठ होते. दुखत नाही, खुपत नाही, पण वर्षागणिक करंगळी आत वळत जाते आणि मग तिच्या शेजारचं बोट. तिच्या नवऱ्याच्या, इवनच्या, धनगर चुलत आजोबांना शेवटी हातमोजा चढवता येत नव्हता. पण घरातल्या फिडलवाल्यांना ते कधी झालं नाही. वाजवत्या हाताला ते शिवत नाही, असं या घरात सगळे छातीठोकपणे सांगत. आणि फ्लोरा तर चार वर्षांची असल्यापासून वाजवत होती.

रोनाने पोरीला गुपचूप दवाखान्यात नेऊन आणलं. तरुण डॉक्टरने फ्लोराचा तळवा टेबलावर पालथा ठेवला. तो पोळीसारखा सपाट बसला. "हात उत्तम आहे," तो म्हणाला. रोनाचा विश्वास बसला नाही.

शनिवारी सकाळी तिने तो विषय इवनकडे काढला. तो समुद्रावरच्या तेलविहिरीवरून पंधरवड्याच्या सुट्टीवर आला होता आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या स्कोनच्या पावाला लोणी लावत होता.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टर काल-परवा कॉलेजातून बाहेर पडलाय."

"आणि इंटरनेट काय म्हणालं?"

"इवन!"

"नाही, आपलं विचारतो. कॅलमला दात येत होते तेव्हा इंटरनेटने त्याला तीन रोग लावले होते." त्याने अर्धा स्कोन तोंडात कोंबला. "हे बघ, आज शेवटची तालीम. मंगळवारी कार्यक्रम. जानेवारीत आपण अॅबर्डीनला जाणार. तेवढे दिवस हे घर शांत राहू दे. डॅडसमोर बोटाचं नाव काढू नकोस."

शांत! रोनाला हसावं की कडेवरच्या बाळाला, कॅलमला, त्याच्या हातात द्यावं ते कळेना. तिने बाळ दिलं.

या मंगळवारच्या कार्यक्रमावर तिचा जीव अडकला होता, आणि त्याला कारण होतं. इवनला आता कंपनीने किनाऱ्यावरचं काम दिलं होतं. जानेवारीपासून ते चौघे शहरात आणि हेक्टर एकटा इथे, बाल्नाक्रेगच्या रस्त्याच्या शेवटच्या घरात. जीन गेल्यापासून म्हाताऱ्याला उठून दाढी करायला लावणारी एकच गोष्ट उरली होती, शनिवारचा मुलांचा वर्ग. मंगळवारी मुलांनी नीट वाजवलं आणि तो वर्ग टिकला, तर रोना सुखाने घर सोडणार होती. आणि वर्गावर डोळा होता आँटी एफीचा.

आँटी एफी म्हणजे हेक्टरची थोरली बहीण. एल्गिनच्या फिडल मंडळाची चाळीस वर्षं सर्वेसर्वा. समोर स्वरलिपीचा कागद ठेवून वाजवणारी. हेक्टर कागदावरून वाजवणाऱ्याला वादक म्हणत नसे, टपालवाला म्हणत असे. आलेलं पत्र नुसतं पोचवायचं. एफीचं म्हणणं होतं की मुलांना तिच्या मंडळात घालावं, म्हणजे नीट शिकतील.

ती दुपारी आली. दारातूनच म्हणाली, "काय, व्हायोलिनचे विद्यार्थी जमले का?"

"व्हायोलिन एल्गिनला मिळतं," आतून हेक्टर. "इथे फिडल आहे. पाय पुसून ये."

"जीन असती तर चहाचं विचारलं असतं."

"जीन असती तर तू आली नसतीस."

रोनाने चहाचं भांडं जरा आपटूनच ठेवलं. दोघं सत्तरी ओलांडलेली, आणि कॅलम यांच्यापेक्षा कमी वेळा बोळकं उघडतो!

दोघांमधला तंटा एका सुराचा होता. त्यांच्या वडिलांनी, रॉरी मॅकफेलने, लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या नावाने एक चाल बांधली होती, "इसोबेलचा पूल". चालीचा दुसरा भाग पायरी पायरीने वर चढतो आणि अगदी टोकाला ऐकणाऱ्याचा कान एका उंच सुराची वाट बघतो. रॉरी तिथे तो सूर घ्यायचाच नाही. शेवटच्या पायरीआधीच कठड्यावरून घसरत खाली यायचा. सगळं खोरं तिला बाल्नाक्रेगची उतरण म्हणे. तो उंच सूर करंगळीने लागतो, आणि रॉरी करंगळी तारेवर ठेवत नसे. कुणी विचारलं तर सांगे, करंगळी देवाने चहाच्या कपासाठी दिली आहे. लोक हसत. हेक्टरने ती उतरण जिवापाड जपली होती. स्पर्धेत परीक्षकांनी गुण कापले तरी सोडली नव्हती. आणि एफीने मात्र मंडळाच्या पुस्तकात चाल छापताना तिथे सरळ उंच सूर घातला होता. त्या दिवसापासून ती घरभेदी.

मुलं आली. सहा जणं, गालांवर थंडी आणि पाठीवर पेट्या. डिस्टिलरीच्या व्यवस्थापकाच्या जुळ्या मुली, टपाल कचेरीतल्या बाईंचा नातू, शाळेच्या शिक्षिकेचा मुलगा, पोलंडहून आलेल्या बेकरीवाल्यांची झुझाना आणि आपली फ्लोरा. हेक्टर नेहमीसारखा खुर्चीत त्यांच्यासमोर बसला. अंगात जाड स्वेटर, हातांत बोटं कापलेले लोकरी मोजे. खोली थंड असते, असं तो सांगे. कागद नाही, फळा नाही. तो एक ओळ वाजवणार, मुलं त्याच्या हाताकडे बघणार आणि तशीच वाजवणार. त्याला त्याच्या बापाने असंच शिकवलं होतं.

"गज उचल, लाड नको करूस त्याचे! मनगट! इथे मनगट असतं माणसाला! हां. आता सगळे."

सहाही गज एकदम उठले. रोना दाराशी बाळाला झोके देत उभी होती. कितीही वैतागलेली असली तरी या क्षणी तिच्या अंगावर काटा यायचा, तसा आजही आला. गजाच्या झटक्यांचा ठेका थेट पायांत उतरतो. चाल चढत गेली, टोकाशी आली आणि सहाही पोरं एका श्वासात उतरणीवरून घसरली.

"थांबा!" एफी उठली होती. चष्मा कपाळावर. "थांबा, थांबा. हात तसेच ठेवा. हलवू नका. हेक्टर, यांच्या करंगळ्या कुठे गेल्या?"

रोनाने बघितलं. फ्लोराची करंगळी आत. जुळ्या बहिणींच्या डाव्या हातांच्या दोन्ही आत. टपालवाल्या बाईंच्या नातवाची, शिक्षिकेच्या मुलाची आत. आणि झुझानाची, जिच्या सात पिढ्यांत कुणी मॅकफेल नव्हता, तिचीही करंगळी तळव्याला घट्ट चिकटलेली.

रोनाला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. पंधरा दिवस ती पोरीचे हात झोपेत तपासत होती! "रोग नाहीये," ती इवनला म्हणाली. "इवन, हा रोग नाहीये, हा गृहपाठ आहे!"

इवनही हसला. मुलं हसली, का ते न कळता. हसला नाही फक्त हेक्टर. तो सहा डाव्या हातांकडे बघत होता, एकामागून एक, आरशांच्या रांगेतून जावं तसा. मग त्याने फिडल मांडीवर ठेवलं आणि आपला डावा हात उजव्या हाताखाली सरकवला.

तेव्हा कुठे रोनाला जीनचं बोलणं कळलं. तोंडाकडे नको.

"ग्रँडा," ती हळूच म्हणाली. फ्लोरा झाल्यापासून तीही सासऱ्याला फ्लोराच्या आजोबाच्या या नावानेच हाक मारत असे. "मोजा काढा."

"थंडी आहे, पोरी."

"मुलांनो, स्वयंपाकघरात जा. स्कोन आहेत. जॅमची बरणी एकानेच धरा."

मुलं धावली. हेक्टरने मोजा काढला नाही, तो एफीने काढला, लहान भावाचा काढावा तसा ओढून. तळव्यात दोरी होती. करंगळी पूर्ण आत वळून गेलेली, आणि तिच्या शेजारचं बोटही कलायला लागलेलं.

"कधीपासून?" इवनने विचारलं.

"जीनला माहीत होतं."

"ते कळलं. आम्हाला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मॅकफेल वाजवतो आणि तरी त्याला बोट होतं, हे? माझ्या बापाला शेवटपर्यंत झालं नाही." त्याचा आवाज चढला. "आणि मी पोरांना करंगळी वळवायला कधी शिकवली नाही. एक शब्द बोललो असेन तर सांगा!"

"बोलला नाहीस," एफी म्हणाली. "दाखवलंस. बास. वर्ग मी नेते. मंगळवारपर्यंत इथेच राहते, निदान बोटं तरी उघडते पोरांची."

"आमच्या घरची रीत आहे ती! करंगळी लागत नाही आमच्या चालीला!"

"डॅडचंही बरोबर आहे," इवन म्हणाला, "आणि आँटी एफीचंही एका अर्थी..."

"तू गप्प बस!" दोघं भावंडं एकदम म्हणाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

कॅलम रडायला लागला. स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं, बहुधा बरणी. रोनाने बाळ नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं. "आँटी एफी, तुम्हाला तो उंच सूर एवढा का हवाय ते एकदा सांगून टाका. वर्षानुवर्षं ऐकतोय आम्ही. मंडळासाठी? मोठेपणासाठी? ह्यांना कमीपणा आणायला?"

एफीने कपाळावरचा चष्मा काढून मिटला. मग म्हणाली, "कारण मी तो ऐकलाय."

"कोणाचा?" हेक्टर.

"बाबांचा. तू पाळण्यात होतास. बाबा तो सूर लावायचे, हेक्टर. करंगळीने. घर भरून जायचं. त्यांनीच बांधला होता तो, आईसाठी. मग बोट वळलं."

"खोटं आहे."

"त्यांच्या बाह्यांची बटणं कोण लावायचं? मी लावायचे. सहा वर्षांची होते. आईने शपथ घातली होती. फिडलवाल्याचा हात गेला म्हटल्यावर लग्नाच्या सुपाऱ्या कुणी दिल्या असत्या? मग ते चहाच्या कपाचं काढलं. लोक हसले, आणि पुढे लोकांनीच त्याची रीत केली." ती हेक्टरकडे वळली. "तू त्या रीतीसाठी माझं तोंड बघणं सोडलंस. आणि मी शपथेपायी गप्प बसले. गाढवच आपण दोघं."

बाळ अजून रडत होतं. दारात फ्लोरा उभी होती, हनुवटीला जॅम. "मग तो सूर घ्यायचा की नाही? मंगळवारी?"

हेक्टर उठला. शेकोटीच्या वरच्या खिळ्याला त्याने फिडल अडकवलं. एरवी ते तिथे कधीच टांगलेलं नसे, सदा खुर्चीवर नाहीतर त्याच्या मांडीवर. कोट घालून तो कुत्र्याला न घेताच बाहेर पडला. तेही एरवी कधी झालं नव्हतं.

मंगळवारपर्यंत फिडल खिळ्यावरच होतं. एफी मुलांच्या करंगळ्या उघडत होती. "सॉसेजसारखी नको गं, झुझाना, कमान कर!" हेक्टर वरच्या खोलीत रेडिओवर मेंढ्यांचे बाजारभाव ऐकत होता. त्याच्याकडे एकही मेंढी नव्हती. जेवायला खाली यायचा. मीठ दे, म्हणायचा. झालं. इवन एकदा वर गेला आणि तसाच खाली आला. "काय म्हणाले?" "मेंढ्या उतरल्यात म्हणाले." रोनाला वाटलं, यापेक्षा भांडण परवडलं.

मंगळवारी, संत अँड्र्यूच्या सणाला, गावचा हॉल भरला. अध्यक्षबाईंनी एवढं लांबलचक स्वागत केलं की मागच्या रांगेतल्या कुणीतरी चहाची किटली मुद्दाम शिट्टी वाजेपर्यंत तापू दिली. मुलं उभी राहिली, कडेला एफी. रोनाची नजर दाराकडे. हेक्टर येणार नव्हता, तसं त्याने सांगितलं होतं. पण दाराशी टांगलेल्या कोटांच्या रांगेपाशी, दोन ओल्या कोटांच्या मधे, तिला ओळखीची टोपी दिसली. त्याचा डावा हात खिशात होता.

"इसोबेलचा पूल" सुरू झाला. चढत चढत टोकाला आला. मुलांनी करंगळ्या उगारल्या आणि... कसं सांगावं? तो सूर काहींना लागला, काहींचा निसटला, आणि झुझानाच्या तारेतून शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज आला. लोक चुळबुळले. एफीचा चेहरा दगडासारखा. पण त्या गोंधळातही क्षणभर एक सूर स्वच्छ वर राहिला, एफीचा. रोनाने कोटांकडे बघितलं. टोपी खाली झाली होती.

चालीचा तो भाग पुन्हा यायचा असतो. दुसऱ्या खेपेला फ्लोराने मान वळवली, कोटांच्या रांगेकडे सरळ बघितलं आणि शेवटच्या पायरीआधी घसरली. उतरण. मुद्दाम, डोळ्यांदेखत. एफीने तिच्याकडे एकदा बघितलं. आणि चाळीस वर्षं त्या सुरासाठी घरातून दुरावलेल्या बाईने आपली करंगळी वळवून तळव्यात घेतली आणि पोरीमागोमाग घसरत खाली आली. मागून बाकीचे पाच.

टाळ्या पडत होत्या, सोडतीची तिकिटं फिरत होती. रोना बाहेर धावली. हेक्टर गाड्यांच्या मधे उभा होता.

"ग्रँडा, शस्त्रक्रियेसाठी नाव घालू? दुसरं बोट जायच्या आत. लोकांचे हात उघडतात त्याने."

"आणि बिघडला तर?"

"आत्ता कोणता धड आहे?"

तो जवळजवळ हसला. "पोरांना काय दाखवू मी? बघितलास ना हात?"

"बघितला. बघायला फार उशीर केला. आँटी एफी सूर दाखवेल, तुम्ही उतरण दाखवा. तुमच्याच खोलीत. दोन्ही तुमच्याच बाबांचं आहे."

"बघू," हेक्टर म्हणाला आणि टोपी ओढून चालायला लागला. या घरात "बघू" म्हटलेलं कधी झालं आहे असं रोनाला आठवत नव्हतं. न झालेलंही सगळं आठवत नव्हतं.

जानेवारीत ते अॅबर्डीनला आले. एफी दर शनिवारी गाडीने बाल्नाक्रेगला जाते, रस्ता उघडा असला तर. यंदा तो फारसा उघडा नाही. हेक्टर फोन उचलतो. "मी ठीक आहे," म्हणतो, आणि ते तो इतकं छान म्हणतो की रोनाला झोप लागत नाही. नाव घातलं का, यावर रेडिओचा आवाज वाढतो.

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमचं त्या बाजूला जाणं झालं, तर पूल ओलांडून रस्त्याच्या शेवटपर्यंत जा. लगेच दार वाजवू नका, आधी खिडकीतून बघा. शेकोटीच्या वरचा खिळा रिकामा असेल, तर थोडा वेळ उभे राहा, ऐका आणि आल्या पावली परता. खिळ्यावर फिडल असेल, तर मात्र खुशाल दार ठोका. चहा मागा. एल्गिनला व्हायोलिन बरं शिकवतात म्हणे, असं काहीतरी बोलून त्याला चिडवा. तो ठीक आहे म्हणेल, ते ऐकून घ्या.

पण त्याच्या तोंडाकडे बघू नका. कप घेताना हाताकडे बघा, आणि रोनाला कळवा.